प्रवाळाच्या घरचें पाणी

पोवळें म्हटलें म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम अंगठी उभी राहते. मंगळाचा खडा म्हणून बोटांत घातलेलें तें तांबडें रत्न एका प्राण्यानें आपल्या अंगांतून घडविलेलें असतें, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. या रत्नाचीं चुलत भावंडें उष्ण प्रदेशांतील उथळ समुद्रांत खडकांना चिकटून राहतात. तीं फुलांसारखीं दिसतात, पण आपल्या बारीक हातांनीं पाण्यांतले अन्नकण टिपून खातात. हींच प्रवाळें आज कांहीं हौशी लोकांच्या दिवाणखान्यांतील कांचपेटींत येऊन राहिलीं आहेत. गोड्या पाण्यांतले रंगीत मासे पाळण्याची हौस आपल्याकडे जुनीच आहे; समुद्राचा एक जिवंत कोपरा घरांत वसविण्याची हौस त्या मानानें नवी, खर्चाची आणि जोखमीचीही आहे.

येथें एक गोष्ट आधींच सांगितली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत २००१ सालीं खडक बांधणारीं सर्व कठीण प्रवाळें, काळीं प्रवाळें आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. त्यांना समुद्रांतून काढणें किंवा त्यांचा व्यापार करणें हा भारतांत गुन्हा आहे. तेव्हां मुंबईपुण्याकडील हौशी माणसानें आपली पेटी मऊ अंगाच्या आणि या यादींत नसलेल्या जातींपुरतीच ठेवावी, व विकणाऱ्याकडून जातीची कागदोपत्रीं खात्री करून घ्यावी. पाण्याचा प्रश्न मात्र मऊ प्रवाळालाही तितकाच लागू आहे.

समजा, दादरच्या एका जुन्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांनीं दोनशें लिटरांची पेटी घ्यावयाचें ठरविलें. दिव्यांची चौकशी झाली, पंपांची झाली, समुद्राचें मीठ कोणतें घ्यावें यावर दोन रविवार खर्च झाले. पाण्याविषयीं मात्र त्यांची समजूत अशी, कीं स्वयंपाकघरांत पिण्याचें पाणी शुद्ध करणारें यंत्र भिंतीवर टांगलेलें आहेच. त्याच्या तोटीखालीं बादली धरावी, मीठ ढवळावें, कीं झाला समुद्र! जें पाणी नातवंडांना चालतें तें शिंपल्यांना आणि प्रवाळांना कां चालूं नये? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर मात्र दोन गोष्टींत दडलेलें आहे : पाणी उडतें तेव्हां मागें काय राहतें, आणि माणसाच्या व प्रवाळाच्या पथ्यांत अंतर किती आहे.

पहिली गोष्ट बासुंदी आटविणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक असते. दुधांतलें पाणी वाफ होऊन जातें, साखर मागें राहते. प्रखर दिव्यांखालीं आणि पंख्याच्या वाऱ्यांत दोनशें लिटरांच्या पेटींतून दिवसाला दोनएक लिटर पाणी उडून जाणें ही अगदीं सामान्य गोष्ट आहे. उडतें तें निव्वळ पाणी. त्याची भरपाई म्हणून जें गोडें पाणी रोज ओतावें लागतें, त्यांत जें जें विरघळलेलें असेल तें सारें पेटींत राहतें आणि दुसऱ्या दिवशीं त्यांत नवी भर पडते. वर्षाचा हिशोब सुमारें ७३० लिटरांचा होतो. भरपाईच्या पाण्यांत लिटरला २०० मिलिग्रॅम विद्राव्य पदार्थ असतील, तर वर्षभरांत १४६ ग्रॅम, म्हणजे मोठी वाटीभर अनोळखी क्षार त्या पेटींत जाऊन पडतात. दर आठवड्याला वीस लिटर पाणी बदललें तर त्यांतले कांहीं बाहेर जातात हें खरें. पण बदलीचें पाणी त्याच तोटीचें असेल तर तेंही आपला वांटा घेऊनच येतें. माणूस पाणी पितो आणि बाहेर टाकतो. पेटीला बाहेर टाकण्याची ती सोय नाहीं.

यांतला कांहीं भाग निरुपद्रवी असतो; चुना आणि मॅग्नेशियम समुद्रांत मुळांतच भरपूर आहेत. त्रास होतो तो इतरांचा. नायट्रेट आणि फॉस्फेट म्हणजे शेवाळाचें खत. तीं वाढलीं कीं खडकांवर हिरव्या दाढ्या उगवतात आणि प्रवाळांचा श्वास कोंडतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकांत नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. प्रवाळाच्या पेटींत याचा दहावा हिस्साही पुष्कळ समजला जातो. सिलिकेटमुळें कांचेवर तपकिरी लेप चढतो, आणि तो खरवडून दोन दिवस होतात न होतात तोंच पुन्हा येतो.

परंतु या सगळ्यांहून घातक वस्तु म्हणजे तांबें, आणि येथेंच माणसाच्या व प्रवाळाच्या पथ्यांतलें अंतर उघडें पडतें. आपल्याकडे तांब्याच्या भांड्यांतलें पाणी म्हणजे पवित्र आणि आरोग्यदायी. देवापुढें कलश तांब्याचा, संध्येची पळीपंचपात्री तांब्याची, आजोबांच्या उशाशीं झांकून ठेवलेला तांब्याही बहुधा तांब्याचाच. मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत लिटरला ०.०५ मिलिग्रॅम तांबें असावें, आणि दुसरें पाणी मिळत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतें. आतां मासे पाळणाऱ्यांचा अनुभव पाहावा. माशांच्या अंगावर परोपजीवी किडे झाले म्हणजे निराळ्या पेटींत त्यांना तांब्याचें औषध देतात, आणि त्याची मात्रा लिटरला साधारण ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम ठेवतात. एवढ्या मात्रेंत मासा तगतो. पण कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ असे कणा नसलेले जीव मरतात. म्हणजे जें पाणी माणसाला नाइलाज म्हणून चालतें, त्यांत प्रवाळाला मारणाऱ्या औषधाच्या सात ते दहा पट तांबें असूं शकतें. शिवाय पेटींतलें हें विष एकदां खडकांत आणि वाळूंत मुरलें, कीं पुढें कित्येक महिने थोडें थोडें झिरपत राहतें.

हें लक्षांत घेतलें म्हणजे स्वयंपाकघरांतील यंत्राकडे पाहण्याची दृष्टि बदलते. भारतांत विकल्या जाणाऱ्या घरगुती आर. ओ. यंत्रांपैकीं अनेकांत पाणी शुद्ध झाल्यानंतर त्यांत पुन्हा कांहीं तरी मिसळण्याची सोय असते. कांहींत टी. डी. एस. नियंत्रक नांवाची एक लहानशी चावी असते; ती थोडें मूळ पाणी आडवाटेनें आणून शुद्ध पाण्यांत सोडते, कारण अगदीं निःक्षार पाण्याला चव लागत नाहीं. कांहींत खनिजें घालणारी नळी असते. आणि कांहीं यंत्रें तर पाण्यांत तांबें मिसळतात व त्याच गुणावर विकलीं जातात! पिणाऱ्याच्या दृष्टीनें या सोयींचें मोल काय, हा निराळा प्रश्न. प्रवाळाच्या दृष्टीनें मात्र ज्या वस्तूंसाठीं गाळणीचा एवढा खटाटोप केला, त्याच शेवटच्या वीतभर नळींत पुन्हा आंत येतात. दादरच्या गृहस्थांचें यंत्र या शेवटच्या प्रकारचें निघालें, तर पेटी भरल्यानंतर पंधरवड्याच्या आंत गोगलगाई कांचेवरून गळून पडतील, आणि दोष बिचाऱ्या मिठावर जाईल.

मग आर. ओ. टाकूनच द्यावें काय? मुळींच नाहीं. या कामाचा कणा तेंच आहे. फक्त त्याचें पाणी कोठून उचलावयाचें हें कळलें पाहिजे. त्यासाठीं त्याचें पोट उघडून पाहावें लागतें.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलें कीं त्यांना पाणी सुटतें. फोडींतल्या पेशींच्या पातळ पडद्यांतून पाणी बाहेरच्या खारट बाजूला ओढलें जातें. उलट, सुकी मनुका पाण्यांत टाकली तर टम्म फुगते, कारण तेथें पाणी आंत शिरतें. पडद्यांतून पातळ द्रावाकडून घट्ट द्रावाकडे जाणारी ही वाट फ्रान्समधील नोले या पाद्र्यानें १७४८ मध्यें डुकराच्या मूत्राशयाचा पडदा वापरून दाखविली होती. खारट बाजूवर पुरेसा दाब दिला तर हीच वाट उलटते आणि मीठ मागें ठेवून पाणी पलीकडे जातें. तत्त्व सोपें, पण दाब सोसणारा आणि भराभर पाणी सोडणारा पडदा मिळण्यास दोन शतकें जावीं लागलीं. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठांत सिडनी लोब आणि भारतांत जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनीं सेल्युलोज ॲसिटेटचा तसा पडदा तयार केला, आणि १९६५ मध्यें कॅलिफोर्नियांतील कोलिंगा गांवाला अशा पडद्यांतून गाळलेलें पाणी मिळूं लागलें. आज घरोघरीं असलेला पडदा त्याहून पातळ आणि निराळ्या द्रव्याचा असतो. तो शेंकडा ९५ किंवा त्याहूनही अधिक क्षार अडवितो, पण क्लोरीनपुढें मात्र तो टिकत नाहीं.

म्हणूनच यंत्रांतील क्रम असा असतो. प्रथम पांच मायक्रॉनची गाळणी. ती माती आणि गंज धरते. मग कोळशाची नळी, जी क्लोरीन शोषून पडद्याचें रक्षण करते. मग पडदा. हा क्रम उलटून चालत नाहीं, आणि स्वस्त पडतें म्हणून कोळशाची नळी वेळेवर न बदलणें म्हणजे चार आणे वांचवून रुपया घालविणें होय. पडद्यांतून दोन नळ्या बाहेर पडतात. एकींतून शुद्ध पाणी येतें, दुसरींतून अडलेले क्षार वाहून नेणारें टाकाऊ पाणी. चव देणारे सारे उपचार यानंतरचे आहेत. तेव्हां पडद्याच्या शुद्ध नळीवर, नियंत्रकाच्या आणि खनिजांच्या अलीकडे, एक फांटा काढून घेतला, कीं स्वयंपाकघरांतील तेंच यंत्र पेटीच्याही कामीं येतें. कारागिराला हें काम अवघड नाहीं. फक्त टी. डी. एस. नियंत्रकांतून येणारें मूळ पाणी नेमकें कोठें मिसळतें तें त्याच्याकडून दाखवून घ्यावें, आणि टाकीवरची चकाकणारी माहिती वाचून समाधान मानूं नये.

दाबाचा प्रश्न मुंबईंत विशेष आहे. पडद्याला चौरस सेंटिमीटरला सुमारें चार किलो दाब लागतो. गच्चीवरील टाकी दहा मीटर उंच असेल तर खालीं एक किलो दाब मिळतो. वरच्या मजल्यांवर तोही नाहीं. दाब कमी पडला कीं पाणी थेंबथेंब येतें, क्षार जास्त निसटतात आणि टाकाऊ पाणी मात्र धोधो वाहतें. परदेशांतून मागविलेल्या, पंप नसलेल्या संचांची येथें फजिती होते ती यामुळेंच. स्वयंपाकघरांतील यंत्रांत लहानसा पंप बहुधा असतोच, हा त्यांचा एक मोठाच गुण.

पडद्यांतून निघालेलें पाणी तरीही निःशेष शुद्ध नसतें. दोनशें मिलिग्रॅमचे दहा उरतात, आणि ते दहा कोणते हें सांगतां येत नाहीं. त्यासाठीं शेवटीं रेझिनची नळी जोडतात. हे बारीक मणी दोन जातींचे असतात. एक जात धन भाराचे कण धरून हायड्रोजन सोडते, दुसरी ऋण भाराचे कण धरून हायड्रॉक्सिल सोडते, आणि सोडलेले दोघे मिळून पाणीच होतें. मात्र मण्यांची धारणशक्ति मर्यादित असते. लिटरला दहा मिलिग्रॅमचें पाणी आणि दोनशें मिलिग्रॅमचें पाणी यांत मण्यांचें आयुष्य वीस पटींनीं बदलतें, आणि म्हणून आधीं पडदा, मग रेझिन, हाच काटकसरीचा मार्ग आहे. मुंबईच्या तलावांचें पाणी मृदु असल्यामुळें पडद्यावांचून नुसत्या रेझिनवर भागविण्याचा मोह होतो. लहानशी वीसतीस लिटरांची पेटी असेल तर तो हिशोब बसूंही शकतो; दोनशें लिटरांना बसत नाहीं.

रेझिनविषयीं एक खोड सांगितली पाहिजे, कारण तिनें अनुभवी माणसेंही फसतात. मुंबईच्या लोकलच्या डब्यांत मागून आलेला धटिंगण आधीं बसलेल्या अशक्त प्रवाशाला उठवितो, तसें मणी भरत आले म्हणजे होतें. सिलिकेटसारखे सैल धरलेले कण आधीं सुटतात आणि एकदम पाण्यांत येतात. सिलिका विजेचें वहन जवळजवळ करीत नाहीं, आणि टी. डी. एस. मोजणारी खिशांतली कांडी तर केवळ विजेचें वहनच मोजते. त्यामुळें कांडीवर शून्य आणि कांचेवर तपकिरी लेप, असा चमत्कार दिसतो. कांडी अवश्य बाळगावी. पण कांडीवर एक दिसूं लागेपर्यंत वाट न पाहतां मणी बदलावे. कूपनलिकेच्या पाण्यांत कर्बवायु पुष्कळ विरघळलेला असतो. तो पडद्यांतून सहज निसटतो आणि ऋण कण धरणारे मणी फुकट खातो. अशा ठिकाणीं पडद्याचें पाणी रात्रभर बादलींत ठेवून त्यांत हवेचे बुडबुडे सोडावे, आणि मग तें रेझिनमधून काढावें.

एवढ्यावरून दिसेल, कीं कोणतें यंत्र उत्तम हा प्रश्न नळाचें पाणी कोणतें हें ठरल्याखेरीज विचारतांच येत नाहीं. एकाच गृहसंकुलांत सकाळीं पालिकेचें पाणी, दुपारीं कूपनलिकेचें आणि उन्हाळ्यांत टँकरचें, असा प्रकार पुणें आणि ठाण्याकडे सर्रास आढळतो. तीन ऋतूंत तीन वेळां पाणी मोजून तो आंकडा वहींत टिपून ठेवणारा माणूस दुकानदाराच्या गोड बोलण्याला भुलत नाहीं. अमेरिकेंत गेलेल्या मराठी मंडळींना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. तिकडील कित्येक शहरांत साध्या क्लोरीनऐवजीं क्लोरामाइन वापरतात. सान फ्रान्सिस्कोनें २००४ मध्यें हा बदल केला. क्लोरीन घातलेलें पाणी उघडें ठेवलें तर कालांतरानें क्लोरीन उडून जातो, क्लोरामाइन तसा जात नाहीं. कोळसा त्याला सावकाश फोडतो, आणि फोडतांना अमोनिया मागें राहतो. तेव्हां तेथें कोळशाच्या दोन नळ्या लागतात, पाणी हळू सोडावें लागतें, आणि उरलेला अमोनिया धरण्यासाठीं रेझिन ही चैन न राहतां गरज होते.

दुसरे मार्ग कोणी सुचवितात. ऊर्ध्वपातनानें उत्तम पाणी मिळतें, पण एका लिटरची वाफ करण्यास सुमारें पाऊण युनिट वीज लागते, आणि वाफ थंड करणारी नळी तांब्याची असली म्हणजे सगळेंच मुसळ केरांत. कोंकणांतील पावसाचें पाणी पहिले पाऊस वाहून गेल्यावर खरोखर चांगलें असतें; मात्र जस्ताच्या पत्र्यावरून आलेलें नको, आणि आठ महिने तें सांठवावयाचें कोठें, हाही प्रश्न आहेच. किनाऱ्यावरून समुद्राचें पाणी आणणाऱ्यांनीं मुंबईच्या चौपाटीवर एकदां ओहोटीच्या वेळीं उभें राहून पाहावें.

राहतां राहिली टाकाऊ पाण्याची गोष्ट. २०१९ मध्यें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें, जेथें पाण्यांतील विद्राव्य पदार्थ लिटरला ५०० मिलिग्रॅमहून कमी आहेत तेथें घरगुती आर. ओ. वर बंदी घालावी आणि वाया जाणारें पाणी कमी करवावें, असा आदेश केंद्र सरकारच्या मंत्रालयाला दिला होता, तो पाण्याच्या या नासाडीमुळेंच. ज्या राज्यांत चैत्र लागला कीं गांवोगांवच्या बायकांना हंड्यासाठीं मैल मैल चालावें लागतें, तेथें शोभेच्या पेटीसाठीं पाणी गटारांत सोडणें कोणालाही टोंचावें असेंच आहे. पण टोंचणी लागली तरी हिशोब नीट करावा. दोनशें लिटरांच्या पेटीला भरपाई आणि बदली मिळून दिवसाला सरासरी पांच लिटर शुद्ध पाणी लागतें. एका लिटरमागें तीन लिटर वाया जातात असें धरलें तर रोज पंधरा लिटर होतात. शहरांतील माणशीं १३५ लिटरांच्या सरकारी प्रमाणाचा हा नववा हिस्सा. थोडा नव्हे, पण अडवितां न येण्याजोगाही नव्हे. कारण हें पाणी घाण झालेलें नसतें, त्यांत क्षार थोडे वाढलेले असतात इतकेंच. लादी पुसण्यास, शौचालयाच्या टाकींत भरण्यास तें बिनतक्रार चालतें. मूळ पाणी मृदु असेल तर कुंड्यांनाही चालतें. यंत्र घेतांनाच टाकाऊ नळीखालीं पिंपाची जागा नसेल, तर पेटी लहान घ्यावी हें बरें.

तर दादरच्या त्या गृहस्थांनीं काय करावें? नवा महागडा संच मागविण्यापूर्वीं घरच्या यंत्राचा पडदा बदलून घ्यावा, शुद्ध नळीवर फांटा काढावा, त्यावर रेझिनची एक नळी बसवावी. बराच वेळ बंद असलेलें यंत्र सुरू केल्यावर पहिलें दोनतीन लिटर पाणी पिंपांत जाऊं द्यावें, कारण थांबलेल्या पडद्यांतून क्षार पलीकडे पाझरलेले असतात. शुद्ध पाणी प्लॅस्टिकच्या झांकणाच्या डब्यांत धरावें, आणि त्या डब्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावें. कारण घरांत आजी असते, तिला पेटींतले मासे आवडूं लागतात, आणि एखाद्या सकाळीं पेटींतलें पाणी थोडें कमी झालेलें पाहून ती देवघरांतला भरलेला तांब्या मोठ्या मायेनें उचलते.